माहिती चौकट : भ्रमणध्वनीवरील कार्यालयीन अभिलेख

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील चांदनी हे भुसावळ–खंडवा लोहमार्गावरील स्थानक आणि जवळच्या नेपानगरातील नेपा लिमिटेड हा केंद्र सरकारच्या मालकीचा कागद कारखाना, या दोन्ही ठिकाणच्या कामकाजाच्या नोंदी ‘सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३’च्या कक्षेत येतात. अभिलेख म्हणजे कामकाजाचा पुरावा म्हणून जतन करावयाची नोंद. तिच्या व्याख्येत कागद व नस्ती यांच्यासह संगणकाने किंवा अन्य उपकरणाने निर्माण केलेली सामग्रीही अंतर्भूत असल्याने, कर्मचाऱ्याने कामावर असताना भ्रमणध्वनीवर टिपलेले छायाचित्र किंवा व्हॉट्सॲपवरून दिलेला आदेश केवळ खासगी संदेश ठरत नाही.

‘माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००’च्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुढेही वाचता यावी, ती मूळ स्वरूपात किंवा तिचा आशय अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात राहावी आणि तिचा उगम, गंतव्य, दिनांक व वेळ कळावी, अशा अटी आहेत. छायाचित्र एका गटातून दुसऱ्या गटात पाठवताना नेमका हा तपशील, म्हणजे अधितथ्य, गळून पडतो, आणि हीच हानी सर्वांत गंभीर आहे, कारण आशय शिल्लक असूनही पुरावा दुबळा होतो. आपोआप नाहीसे होणारे संदेश तर कार्यालयीन कामात वापरूच नयेत. विहित पद्धत डावलून सार्वजनिक अभिलेख नष्ट केल्यास १९९३च्या अधिनियमानुसार पाच वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

म्हणून उपकरण कर्मचाऱ्याचे स्वतःचे असले तरी मूळ नोंद त्याच दिवशी कार्यालयाच्या प्रणालीत जमा व्हावी, आणि बदली वा निवृत्तीपूर्वी अभिलेख अधिकाऱ्याने तिची खातरजमा करावी.