खापरं वाचणारे सांकलिया

उन्हाळ्यात मुळशी धरणाचं पाणी उतरलं, की काठच्या चिखलात खापरांचे तुकडे सापडतात. लहानपणी आम्ही ते पाण्यावर टप्पे घेत फेकायचो. खापर वाचता येतं, हे मला फार उशिरा कळलं, तेही डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांच्यामुळे.

त्यांचा जन्म १९०८ चा, मुंबईतला. लंडनला शिकत असताना त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली उत्खननाचे धडे घेतले आणि १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. इजिप्तमध्ये इतरांचं लक्ष ममी आणि सोन्याकडे असताना फ्लिंडर्स पेट्री यांनी खापरं जमवली होती. भांड्यांचे घाट कसे बदलत गेले, यावरून त्यांनी थडग्यांचा काळक्रम लावला. आपल्याकडे तर पिरॅमिडही नव्हते. पांढरीची टेकाडं होती आणि त्यांच्यावर गुरं चरत होती!

महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्या जरा आधी सुरू होतो, असंच तेव्हा धरून चालत. १९५०-५१ मध्ये संगमनेरजवळ जोर्वे इथे प्रवरेच्या काठी खणलं, तेव्हा लाल भांड्यांवर काळी नक्षी दिसली आणि इथल्या शेतकऱ्याचं घर तीन हजार वर्षांहून मागे गेलं. पुढे नेवाशाला मुलांची दफनं मिळाली. एका मुलाच्या गळ्यात तांब्याचे मणी होते आणि ते ओवलेल्या धाग्याचे तंतूसुद्धा टिकून होते. कुणा आईनं तो धागा बांधला असेल, असं मला आपलं वाटतं. शास्त्र तेवढं बोलत नाही.

आपल्या पुणे जिल्ह्यातलं इनामगाव घोड नदीवर आहे. तिथे १९६८ पासून १९८२ पर्यंत उत्खनन चाललं. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्याला घरातच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोकं करून पुरत, पण पावलं तोडून. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आमच्याकडेही मयताचं डोकं उत्तरेलाच असतं. कारण अगदी वेगळं, तरी वाचताना मी थबकलो.

इनामगावच्या अहवालाचा पहिला खंड १९८८ मध्ये निघाला. त्यावर ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी अशी तीन नावं आहेत. पुढच्याच वर्षी, जानेवारीत, सांकलिया गेले.

आता नातवानं खापर उचललं, की मी म्हणतो, ‘थांब रे, आधी दाखव.’