पांढऱ्या पेशींना ऊन

जुन्या एच.एम.व्ही. तबकड्यांची पाकिटं ज्यांनी हाताळली आहेत, त्या मराठी घरांना डमडम हे नाव अनोळखी नाही. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना 1928 पासून तिथे होता. आपली नाट्यपदं आणि भावगीतं कलकत्त्याच्या त्या उपनगरात तबकडीवर उमटत आणि मग पुण्या-मुंबईच्या दुकानांत येत. बाकीच्यांना डमडम म्हणजे विमानतळ, किंवा तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निघालेली, शरीरात शिरल्यावर पसरणारी ती कुप्रसिद्ध गोळी.

आजचं डमडम मुख्यतः गाडी बदलण्याचं ठिकाण आहे. बनगाव, बारासतकडून येणाऱ्या लोकल इथे लोकांना उतरवतात आणि मेट्रो त्यांना शहरात घेऊन जाते. या गर्दीत प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्टांची जाड फाइल घेतलेली माणसं असतातच. एक स्टेशन पुढे बेलगाछियाला आर. जी. कर रुग्णालय आहे. विमानतळाच्या पलीकडे न्यू टाऊनमध्ये 2011 साली सुरू झालेलं टाटा मेडिकल सेंटर आहे. पेट्रापोलची सीमा ओलांडून बनगावमार्गे बांगलादेशातूनही रुग्ण येतात. त्यांत रक्ताचे आजार बरेच, कारण बंगालमध्ये थॅलेसेमिया आणि हिमोग्लोबिन-ई यांचं प्रमाण मोठं. अशा काही रुग्णांना शेवटी दुसऱ्याची अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो, द्यावी लागते. त्यानंतर जे दुखणं मागे लागू शकतं, त्यावरचा एक उपचार म्हणजे एक्स्ट्राकॉर्पोरियल फोटोफेरेसिस. नाव भारदस्त आहे. काम असं की रक्त शरीराबाहेर काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना औषध लावून अतिनील प्रकाशात ठेवायच्या आणि परत शरीरात सोडायच्या.

रुग्ण खुर्चीत रेलून बसतो. एका हातातून रक्त निघतं आणि दुसऱ्या हातात परत जातं. शिरा बारीक किंवा उपचारांनी थकलेल्या असतील तर मानेजवळच्या मोठ्या शिरेत दोन नळ्यांचा कॅथेटर बसवतात. रक्त नळीत गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट किंवा हेपरिन मिसळतात. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे थोड्या वेळाने ओठांभोवती मुंग्या येतात. मग नर्स कॅल्शियम देते आणि पंपाचा वेग कमी करते.

यंत्रात रक्त मिनिटाला काही हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरतं. लाल पेशी सगळ्यांत जड, त्या बाहेरच्या कडेला जातात. पिवळसर प्लाझ्मा हलका, तो आत राहतो. दोघांच्या मध्ये एक पातळ, मळकट पांढरा थर जमतो. रक्तपेढीतली माणसं त्याला बफी कोट म्हणतात. सगळी धडपड या थरासाठी असते. त्यात लिम्फोसाइट आणि मोनोसाइट असतात. तो उचलून घेतला की लाल पेशी आणि प्लाझ्मा रुग्णाला परत मिळतात.

पुढचं औषध 8-मेथॉक्सिसोरालेन. ते पिशवीतल्या पेशींत अगदी सूक्ष्म मात्रेत मिसळतात. त्याची गंमत अशी की अंधारात ते निरुपद्रवी असतं. पेशीच्या डी.एन.ए.च्या पायऱ्यांमध्ये सैलसर जाऊन बसतं आणि तितकंच. पण 320 ते 400 नॅनोमीटरचा अतिनील-ए प्रकाश पडला की ते दोन्ही धाग्यांना घट्ट चिकटतं आणि त्यांना एकमेकांशी जखडून टाकतं. जखडलेल्या धाग्यांची नक्कल होत नाही आणि लिम्फोसाइट दोन-तीन दिवसांत मरायला लागतात. मरू घातलेल्या पेशींची ही पिशवी रुग्णाला परत चढवतात. सगळ्याला दीड ते साडेतीन तास लागतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, कारण एक फेरी म्हणजे लागोपाठचे दोन दिवस.

आता यातली खरी अडचण. एका फेरीत शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटांपैकी जेमतेम पाच-दहा टक्के पेशींना प्रकाश मिळतो. मग बाकीच्या नव्वद टक्क्यांचं काय? केमोथेरपीच्या हिशेबाने हा उपचार चालायलाच नको. पण तो चालतो, आणि संशोधकांचा आजचा कौल असा की मारलेल्या पेशींपेक्षा त्यांच्या मरण्याला शरीर जो प्रतिसाद देतं, तो महत्त्वाचा. नळ्यांतून जाताना डिवचले गेलेले मोनोसाइट डेन्ड्रायटिक पेशींमध्ये बदलतात, मेलेल्या लिम्फोसाइटांचे तुकडे गिळतात आणि उरलेल्या टी पेशींना ते दाखवतात. ज्या कर्करोगासाठी हा उपचार मुळात निघाला, त्यात यातून रोगट पेशींविरुद्ध चढाई होते. प्रत्यारोपणानंतरच्या दुखण्यात उलट, आवर घालणाऱ्या टी पेशी वाढतात. एकाच क्रियेतून दोन विरुद्ध परिणाम कसे निघतात, याचं पूर्ण समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. यंत्राच्या माहितीपत्रकात ही गोष्ट ठळक अक्षरांत असायला हवी.

या यंत्राचा अर्धा भाग प्रकाशाचा, आणि त्याचा इतिहास आपल्याकडचा आहे. कोडावर बावची लावायची आणि उन्हात बसायचं, हा उपाय आयुर्वेदात जुना. आजही काष्ठौषधींच्या दुकानात बावचीच्या काळ्या, चपट्या बिया मिळतात आणि तेल जास्त लावून दुपारच्या उन्हात बसलेल्यांच्या अंगावर फोड येतात. 1927 मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या चोप्रा आणि चॅटर्जी यांनी बावचीचे घटक, तिची औषधी क्रिया आणि तिचे उपयोग यांवर शोधनिबंध लिहिला. देशी औषधींकडे प्रयोगशाळेच्या शिस्तीने बघणारे हे चोप्रा म्हणजे रामनाथ चोप्रा. पुढे 1933 मध्ये जोइस, मंजुनाथ आणि वेंकट राव यांनी या बियांमधून सोरालेन वेगळं काढल्याचं प्रसिद्ध केलं, तेही कलकत्त्यात स्थापन झालेल्या इंडियन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात. म्हणजे ज्या शहराच्या वेशीवर रुग्ण गाडी बदलतात, त्याच शहरात या उपचाराच्या रेणूच्या कुळावरचं सुरुवातीचं काम छापलं गेलं. हे कलकत्त्यातही फारसं कुणी सांगत नाही.

तिथून धागा नाईलकाठी जातो. इजिप्तमध्येही कोडावर एका रानटी झाडाच्या बिया देत. 1940 च्या दशकात कैरोच्या अब्देल मोनेम एल-मोफ्ती यांनी त्या बियांतले शुद्ध स्फटिक रुग्णांना देऊन उन्हात बसवण्याचा पद्धतशीर उपचार सुरू केला. ते स्फटिक म्हणजे आपलं 8-मेथॉक्सिसोरालेन. 1974 मध्ये हार्वर्डच्या गटाने उन्हाच्या जागी दिवे लावले आणि सोरायसिसवर हे औषध पोटातून देऊन उत्तम गुण दाखवला. त्या निबंधाच्या लेखकांत पॅरिश आणि फिट्झपॅट्रिक यांच्यासोबत मधु पाठक हे भारतीय नावही आहे.

येलच्या रिचर्ड एडल्सन यांचा विचार त्यानंतरचा. त्वचेत उतरणारा टी पेशींचा एक लिम्फोमा असतो. त्यात अंग लाल होतं, सोलवटतं आणि रोगट पेशी रक्तातही फिरतात. कातडीवर प्रकाश टाकून त्या रक्तातल्या पेशींपर्यंत कसं पोचणार? त्यापेक्षा रक्तच प्रकाशापाशी आणावं. 1987 मध्ये त्यांच्या गटाने 37 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या या रुग्णांपैकी 27 जणांना गुण आला होता. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचाराला मान्यता दिली. सुरुवातीला सोरालेनची गोळी देत. मळमळ व्हायची आणि पोटातून किती शोषलं गेलं याचा भरवसा नसायचा. औषध थेट पिशवीत घालायला लागल्यावर दोन्ही कटकटी संपल्या. काळा चष्मा लावणं आणि दिवसभर ऊन टाळणं मात्र राहिलं.

रक्त फिरवण्याच्या अर्ध्या भागाबद्दल थोडक्यात. दुधातली साय काढणारं सेपरेटर यंत्र पाहून हार्वर्डच्या एडविन कोन यांनी रक्तासाठी तसं यंत्र घडवायला घेतलं. मग 1960 च्या दशकात आय.बी.एम.चे इंजिनियर जॉर्ज जडसन अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आले, कारण त्यांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला होता. एमिल फ्रायराइख या डॉक्टरासोबत त्यांनी सलग चालणारा सेल सेपरेटर बनवला. आज डेंग्यूच्या हंगामात ‘एसडीपी’ मिळवायला नातेवाईक ज्या यंत्राच्या दारात ताटकळतात, ते याचंच वंशज. एका दात्याच्या प्लेटलेट तासा-दीड तासात वेगळ्या करून ते बाकीचं रक्त त्याला परत देतं.

आता पुन्हा अस्थिमज्जेकडे. 1983 च्या मार्चमध्ये परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातलं हे पहिलं यशस्वी प्रत्यारोपण. 1986 मध्ये वेल्लोरला डॉ. मॅम्मेन चांडी यांनी प्रत्यारोपणाचं काम उभं केलं, आणि हेच चांडी पुढे कलकत्त्याच्या टाटा मेडिकल सेंटरचे संचालक झाले. परळ, वेल्लोर आणि न्यू टाऊन या तिन्ही ठिकाणी एक आजार डॉक्टरांच्या पाठीमागे येतोच. दात्याच्या टी पेशी नव्या घरात आल्यावर घरालाच परकं समजतात. त्याला जीव्हीएचडी म्हणतात. कातडी चामड्यासारखी ताठरते, तोंड आणि डोळे कोरडे पडतात, आतडी आणि यकृत बिघडतं, फुप्फुसांतल्या वाटा आकसतात. मूळ आजार बरा झालेला असतो आणि माणूस तरी अंथरुणात असतो.

यावर पहिलं औषध स्टिरॉइड. त्याने दात्याच्या पेशी गप्प बसतात आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. फोटोफेरेसिसचं खरं महत्त्व मला इथे वाटतं. तो प्रतिकारशक्ती सरसकट दाबत नाही, त्यामुळे त्याने संसर्ग वाढल्याचं सहसा दिसत नाही. क्षयाचे जंतू ज्या देशात कित्येकांच्या शरीरात झोपून असतात, बुरशीचे आजार पावसाळ्यात दारात उभे असतात, तिथे या एका गुणाची किंमत अमेरिकेपेक्षा जास्त आहे.

पुराव्याच्या बाबतीत मात्र हातचं राखूनच बोलावं लागतं. 2008 मध्ये जुनाट जीव्हीएचडीच्या 95 रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून अभ्यास झाला. बारा आठवड्यांनंतर कातडीच्या मुख्य मोजमापात फोटोफेरेसिस घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात ठोस फरक निघाला नाही. स्टिरॉइडची मात्रा निम्म्यावर आणून कातडीही सुधारलेले रुग्ण मात्र फक्त फोटोफेरेसिसच्या गटात होते, आणि तेही थोडेच. उपचार सावकाश चालतो, बारा आठवडे अपुरे होते, असं समर्थक म्हणतात. ते खरं असू शकेल. तरी हा अभ्यास दडवून जादूचं यंत्र म्हणून याची जाहिरात करणं लबाडीचं आहे. हृदय प्रत्यारोपणात पुरावा जास्त सरळ आहे. 1998 मध्ये 60 रुग्णांच्या अभ्यासात नेहमीच्या औषधांच्या जोडीला फोटोफेरेसिस दिल्यावर हृदय नाकारलं जाण्याचे प्रसंग कमी झाले.

सगळं एकाच पेटीत करणारं बंद यंत्र परदेशी आणि महाग, त्याचे एकदाच वापरायचे संचही महाग. पण युरोपात रुळलेली आणि भारतातल्या काही मोठ्या केंद्रांतही वापरली जाणारी दुसरी वाट आहे. रक्तपेढीतल्या सेल सेपरेटरवर पांढऱ्या पेशी गोळा करायच्या, पिशवीत सोरालेन घालायचं, वेगळ्या अतिनील पेटीत पिशवी ठेवायची आणि मग ती रुग्णाला चढवायची. यात नवं घ्यावं लागतं ते मुख्यतः पेटी, योग्य प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि औषध. साधी पिशवी अतिनील किरण अडवते, म्हणून पिशवी निवडण्यात कंजुषी चालत नाही. दिव्याचा जोर वेळोवेळी मोजावा लागतो, लाल पेशी जास्त मिसळल्या तर त्या प्रकाश पिऊन टाकतात, आणि पिशवी हाताळताना जंतू शिरले तर ते थेट रक्तात जातात. हे सगळं माणसांच्या हातात आहे, म्हणून या दुसऱ्या, खुल्या पद्धतीचा दर्जा तंत्रज्ञावर ठरतो.

आणि तंत्रज्ञ व यंत्र दोन्ही वाटून घ्यावी लागतात. बनगावच्या रुग्णाला सुरुवातीला दर आठवड्या-दोन आठवड्यांनी लागोपाठ दोन दिवस यावं लागतं, ते कित्येक महिने. पावसाळ्यानंतर दक्षिण डमडमचा भाग डेंग्यूच्या बातम्यांत आला की प्लेटलेटसाठी तेच सेल सेपरेटर रात्रंदिवस गुंततं. तापाने फणफणलेल्याला थांबवता येत नाही, आणि फोटोफेरेसिसच्या दोन फेऱ्या चुकल्या तर कातडी पुन्हा ताठरायला लागू शकते. म्हणून ज्या रुग्णालयाला हा उपचार सुरू करायचा आहे, त्याने अतिनील पेटीच्या आधी दुसऱ्या सेल सेपरेटरची आणि त्यावर बसणाऱ्या दोन माणसांची तरतूद करावी.