पाच बोटांची कळी

भाजे लेण्यांच्या पायऱ्या उतरत होतो. खाली भाताची कापणी चालली होती. बांधावरच्या एका बाईनं लांबच्या खाचरातल्या माणसाकडं बघत हात वर केला, पाचही बोटांची टोकं जुळवली आणि हात दोनदा तोंडाशी नेला. त्यानं मान हलवली. जेवला नव्हता. हाक पोचली नसती एवढं अंतर, पण विचारपूस पोचली.

हीच जुळलेली बोटं टोकं आभाळाकडं करून मनगटातून वर-खाली हलवली, की नेपल्समध्ये त्याचा अर्थ होतो, ‘काय म्हणायचंय तुला?’ इटालियन माणसाची ही खूण 2020 साली इमोजी होऊन आपल्या फोनमध्येही आली. डेस्मंड मॉरिस आणि सहकाऱ्यांनी युरोपभर हिंडून हातवाऱ्यांचा अभ्यास केला. 1979 साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात ही खूण आहे. इटलीत तिच्यातून प्रश्न विचारतात, ग्रीसमध्ये ‘छान!’ म्हणतात.

या विषयातला माझा आवडता माणूस मात्र त्याहून जुना. अँद्रेआ दे योरिओ हे नेपल्सचे धर्मगुरू आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक. उत्खननात सापडलेल्या प्राचीन चित्रित भांड्यांवरच्या माणसांचे हात काय सांगतात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. उत्तरासाठी ते शहराच्या रस्त्यावर गेले. भांडणारे, सौदा करणारे, चेष्टा करणारे लोक बघितले, त्यांचे हात टिपले आणि त्या उजेडात जुनी चित्रं वाचली. 1832 साली त्यांचा ग्रंथ निघाला. प्राचीनांच्या खुणा नेपल्सच्या लोकांत जशाच्या तशा टिकल्या, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही. आकार टिकतो, अर्थ सरकतो. पण दगडाआधी माणसं बघायची ही त्यांची रीत आपण उचलायला हवी.

भाज्यात तिची फार गरज आहे. इथली 22 लेणी कोरायला सुरुवात झाली ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास. सूर्य आणि इंद्राची म्हणून ओळखली जाणारी शिल्पं बघायला लोक येतात. दोन तालवाद्यं वाजवणारी बाई आणि तिच्या तालावर नाचणारी दुसरी, यांना तबल्याचा पुरावा म्हणून दाखवलं जातं. नाचणारीच्या हाताकडं कुणी थांबून बघत नाही. त्या हाताला एखाद्या मुद्रेचं नाव चिकटवण्याची घाईही नको. जिथून आपण ती नावं घेतो ते ‘अभिनयदर्पण’ भाज्याच्या कित्येक शतकांनंतरचं.

तरी त्या ग्रंथातलं एक नाव इथं आठवतंच: मुकुल, म्हणजे कळी. पाचही बोटांची टोकं जुळलेली. तिचे उपयोग सांगताना ग्रंथकार कुमुद सांगतो, नाभी सांगतो, केळफूल सांगतो, मदनाचे पाच बाण सांगतो आणि भोजनही. रंगमंचावरची मुद्रा आणि मावळातली खूण इथं एकाच ताटावर बसतात. कारण साधं आहे. भाताचा घास उचलताना बोटं अशीच जुळतात. बाईनं फक्त भाताविना घास दाखवला.

बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, ती दुसऱ्यांपासून लपवायची भाषा. ही उघड्या रानातली, शेजारच्या खाचरातल्यालाही कळणारी.

मी बांधाजवळ पोचलो तेव्हा तो माणूस विळा ठेवून निघाला होता. बाईनं आता माझ्याकडं बघून बोटं जुळवली. हात तोंडाशी नेण्याआधीच मला कळलं होतं.