ह्यूस्टनची थंडी शिकागोपेक्षा घातक का ठरते?



कोणाचा भाऊ मिनियापोलिसला, मावसबहीण ह्यूस्टनला, आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीत. डिसेंबर उजाडला की फोनवर पहिला प्रश्न एकच: "तुमच्याकडे थंडी किती?" पण अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर नुसत्या आकड्यात देऊन भागत नाही.

आपल्याकडे भारताच्या उत्तरेला हिमालय आडवा उभा आहे. मध्य आशियातली गोठवणारी हवा तो बरीचशी अडवतो. इथे रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण पसरलेला. त्याच्या पूर्वेला कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सपाट मैदान. आर्क्टिकची हवा एकदा निघाली, की तिला टेक्ससपर्यंत अडवणारं कोणी नाही!

शिवाय प्रत्येक भागाची तऱ्हा निराळी. बफेलोजवळ थंड हवा एरी सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून येते, बाष्प उचलते आणि किनाऱ्यावर बर्फ ओतते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला सुमारे ८० इंच बर्फ पडला. कॅलिफोर्नियात हिवाळा म्हणजे किनाऱ्याला पाऊस आणि सिएरा नेवाडावर बर्फ. फ्लोरिडात पारा जरा उतरला की इग्वाना गारठून झाडावरून खाली पडतात.

आता दोन आकडे ऐका. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत तापमान उणे २३ फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे ३१ सेल्सिअसच्या आसपास. फेब्रुवारी २०२१ मध्ये ह्यूस्टनला पारा १३ फॅरनहाइटपर्यंत उतरला, म्हणजे साधारण उणे ११ सेल्सिअस. शिकागोवाल्यांना हे किरकोळ वाटेल. पण त्या वादळात टेक्ससमध्ये चाळीस लाखांहून जास्त घरांची आणि दुकानांची वीज गेली, आणि राज्य सरकारच्याच मोजणीनुसार २४६ माणसं दगावली.

असं का? गॅसच्या विहिरी आणि वीजकेंद्रं थंडीसाठी सज्ज नव्हती. टेक्ससचं वीजजाळं बरंचसं स्वतंत्र असल्याने बाहेरून फारशी वीज आणता आली नाही. अनेक घरं विजेवरच तापवली जात होती. पाण्याचे पाइप माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेले, ते गोठून फुटले. म्हणजे मारलं ते नुसत्या थंडीने नाही, तयारी नसलेल्या घराने.

उबेसाठी काहींनी गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, घरात कोळशाची शेगडी पेटवली. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणूस झोपेतच जातो.

म्हणून मंडळी, दक्षिणेत राहत असाल तर जास्त लक्ष द्या. जनरेटर, शेगडी, गाडी घरात किंवा गॅरेजमध्ये कधीच चालू ठेवू नका. दार उघडं असलं तरीही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ लावा. कडाक्याच्या रात्री नळाची बारीक धार चालू ठेवा, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, हे घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. भारतातून आलेल्या आई-बाबांनासुद्धा, कारण दिवसभर घरात तेच असतात.

आणि पुढच्या फोनवर "थंडी किती?" याबरोबर "तयारी किती?" हेही विचारा.