पाने वाढवून पीएच.डी. होत नाही

कळंबोलीच्या आमच्या सिडको वसाहतीतली एक मुलगी परवा बाड घेऊन आली. एम.ए.साठी तिने इथल्या लोखंड बाजारावर लघुप्रबंध लिहिला होता. गाळे, ट्रक, माथाडी, सारे नेटके. ‘काका, आता हेच वाढवून पीएच.डी. करते!’

म्हटले, थांब. एम.ए.ला विषय समजल्याचे दाखवले की भागते. पीएच.डी.ला आधी कुणी न दिलेले उत्तर लागते. मुंबईतला बाजार इथे आला; लाभ कुणाचा झाला? तुझे म्हणणे काय?

डॉ. आंबेडकरांचेच पाहा. १९१५ साली कोलंबियात एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा व अर्थव्यवहाराचा छोटेखानी आढावा घेतला. पीएच.डी.चा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने आला, तेव्हा या विषयाचा इतका तपशीलवार अभ्यास आपल्या पाहण्यात नाही, असे गुरू सेलिग्मन यांनी प्रस्तावनेत लिहिले. लंडनच्या डी.एस्सी.चा रुपयावरचा प्रबंध तर परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. निष्कर्ष तेच ठेवून त्यांनी तो १९२३ साली पुन्हा दिला. म्हणणेच नसते तर अडून कशावर बसले असते?

पूर्वी मध्ये एम.फिल.ची पायरी होती. २०२२ साली अनुदान आयोगाने तीही काढली.

मुलगी जरा हिरमुसली. मग म्हणाली, ‘मुंबईहून इथे आलेले जुने माथाडी अजून भेटतील का हो?’