जॉब थंड होऊ द्या!

'प्रॉडक्ट डेव्हलपमेंट'मध्ये करिअर करायला निघालेल्या मुलांना वाटतं, संगणकावर डिझाइन काढलं की आपलं काम झालं. मलाही तसंच वाटत होतं.

नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात ॲल्युमिनिअमच्या सुट्या भागांचे नमुने परदेशी पाठवायचे होते. मशीनवरून उतरलेले भाग मी गरम असतानाच मोजले. मापं अगदी बरोबर! तिकडे मात्र तेच भाग लहान भरले आणि सगळे नमुने नापास झाले.

कारण साधं होतं. शंभर मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनिअमचा तुकडा २० अंशांनी तापला, की सुमारे ४६ मायक्रॉनने वाढतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ड्रॉइंगमध्ये मापाला दिलेली सूट, म्हणजे टॉलरन्स, कधी कधी याहूनही कमी असते. एका देशात घडलेला भाग दुसऱ्या देशातल्या यंत्रात बसायचा, तर सगळ्यांचं माप एकाच तापमानाला धरायला हवं. म्हणूनच १९३१ साली त्यासाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं.

आमचे जुने फिटर एवढंच म्हणाले, "साहेब, जॉब थंड होऊ द्या, मग माप घ्या." पुस्तकातलं प्रसरण मला पाठ होतं; त्यांना ते हाताला कळत होतं.

तेव्हा तरुणांनो, पहिलं वर्ष शॉप फ्लोअरवर काढा. मायक्रोमीटर हाताळा. नापास झालेला प्रत्येक भाग का नापास झाला, ते विचारा. जगाच्या बाजाराची वाट तिथूनच जाते.