गोठ्यातील समजुती

दवाखान्यात भरविलेली गाय गाभण राहत नाही, आणि राहिलीच तर तिचे वासरू वळूच्या वासरासारखे धडधाकट निपजत नाही, ही तक्रार, म्हैसूरच्या राजवाड्यातील गोशाळेत १९३९ साली भारतातील पहिले कृत्रिम रेतन झाले त्याला आठ दशके लोटल्यावरही, खेडोपाडी ऐकू येते. वासराविषयीचा आक्षेप निराधार आहे. वीर्य वळूने सोडले काय किंवा नळीने गर्भाशयात पोहोचविले काय, पुढील फलनाची क्रिया तीच. राहता राहिले दवाखान्यात वापरल्या जाणाऱ्या गोठविलेल्या वीर्याच्या निर्जीवपणाचे कोडे, तर ते पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या इंग्रज संशोधकांनी १९४९ सालीच सोडविले: ग्लिसरीन मिसळल्यास शुक्राणू गोठूनही जगतात, आणि उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे टिकतात.

मग भरविलेली गाय उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते, ती का? पुष्कळदा याचे उत्तर वेळेच्या हिशेबात सापडते. गाय सुमारे एकवीस दिवसांनी माजावर येते, माज बारा ते अठरा तास राहतो, आणि बीज सुटते ते माज ओसरल्यानंतर दहा-बारा तासांनी. सुटलेले बीज जेमतेम आठ-दहा तास फलनक्षम असते, आणि शुक्राणूंनाही मार्गात काही तास काढल्यावाचून फलनाची पात्रता येत नाही. माज जितका ताजा तितका गुण अधिक, या भाबड्या हिशेबाने हंबरण्याचा पहिला आवाज कानी पडताच गाय दवाखान्याकडे पिटाळणारा मालक आणि कामाच्या गर्दीत दुसऱ्या दिवशी दुपारी उगवणारा मालक, हे दोघेही मुदत चुकवितात. सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी, संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी, हा शिरस्ता याच गणितातून मुक्रर झालेला आहे. वेळ साधली तरी गोठविलेल्या रेतमात्रेची कांडी कोमट पाण्यात, म्हणजे सदतीस अंशांवर, अर्धा मिनिट धरून, पाण्याचा थेंबही वीर्यात जाऊ नये म्हणून कोरडी पुसून, मगच नळीत बसवावी लागते. घाईने खिशाच्या उबेत वितळविलेली कांडी गाईच्या माथी वांझपणाचा ठपका मात्र ठेवून जाते.

माजानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोटात, म्हणजे माजाच्या चिकट स्रावात, रक्ताचा अंश दिसला की कोणी गर्भ वाहून गेला म्हणून हळहळतो, तर कोणी ती पुन्हा माजावर आली असे समजून तिला परत भरवायला नेतो. वास्तविक हे रक्त गाय गाभण आहे किंवा नाही यांपैकी कशाचीच साक्ष देत नाही. माज दोन-तीन दिवसांपूर्वी होऊन गेला, एवढेच ते सांगते, आणि ज्याने तो माज पाहिला नव्हता त्याने रक्त दिसल्याच्या दिवसापासून अठरा दिवस मोजून पुढे डोळ्यांत तेल घालून पाहावे. म्हशीची कथा अधिक अवघड. तिचा माज, विशेषतः उन्हाळ्यात, मुका असतो. ओरडणे नाही, उड्या नाहीत, फार तर रात्री किंवा पहाटे थोडा सोट. म्हणून ती माजावर येतच नाही असा फैसला भर दुपारी देणे हा तिच्यावर उघड अन्याय होय.

सलग गोऱ्हेच होतात म्हणून गाईला बाजार दाखविणे हा त्याच जातीचा, पण अधिक महाग पडणारा अन्याय. गाईच्या प्रत्येक बीजात क्ष गुणसूत्रच असते. कालवड की गोऱ्हा, हे ठरते वळूचा शुक्राणू क्ष घेऊन येतो की य, यावर. क्ष-शुक्राणूंत आनुवंशिक द्रव्य सुमारे चार टक्क्यांनी जास्त असते, आणि एवढ्याशा फरकावरून यंत्राने ते निवडून घेतले की दहापैकी नऊ वासरे माद्या होतात. माणसांच्या घरांतील सुनांनाही हाच जबाब उपयोगी पडेल, पण तो विषय निराळा.

एकदा गावठी नराशी संबंध आला की मादीची पुढील सारी संतती भ्रष्ट होते, ही समजूत जातिवंत कुत्री पाळणाऱ्या सुशिक्षितांतही आढळते. तिला एके काळी शास्त्राचा आश्रय होता. क्वागा या झेब्र्याच्या जातीतील नरापासून पिल्लू झालेल्या लॉर्ड मॉर्टन यांच्या घोडीला पुढे अरबी घोड्यापासून झालेल्या शिंगरांच्या अंगावर पट्टे दिसले, ही हकीकत १८२१ साली रॉयल सोसायटीने छापली आणि डार्विननेही ती मानली. पण एडिंबरोचे प्राध्यापक यूअर्ट यांनी त्या शतकाच्या अखेरीस झेब्रा आणि घोड्या यांवर प्रयोग करून दाखविले, की असले पट्टे निव्वळ घोड्यांच्या शिंगरांतही उमटतात. एकाच माजात अनेक नरांचा संग झाल्यास एका वेतातील पिल्ले निरनिराळ्या बापांची असू शकतात, हे मात्र सत्य आहे. पुढल्या वेताशी त्याचा संबंध नाही.

जुळ्यांतील कालवड वांझ निघते, ही जुन्या माणसांची म्हण मात्र मोडीत काढू नये. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या कालवडींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक खरोखरच वांझ असतात, कारण दोघांचा रक्तप्रवाह वारेतच एकमेकांत मिसळतो. दोन्ही कालवडी असतील तर मात्र चिंतेचे कारण नाही.

शेवटचा गैरसमज सर्वांत खर्चाचा: गाय उलटली नाही म्हणजे गाभणच. माज नजरेतून निसटूनही असे वाटू शकते, आणि असा भ्रम फुटेपर्यंत पाच-सहा महिने फुकट जातात. म्हणून भरविल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावी, आणि अडीच-तीन महिन्यांनी पशुवैद्याकडून गाय तपासून घेतल्यावाचून तिला गाभण म्हणू नये.